ग्रो बॉक्स तापतोय, भिंतींना पाणी सुटतंय: तपासणी कुठून सुरू करायची

ग्रो बॉक्स म्हणजे घरात दिव्याखाली रोपं वाढवायची बंद पेटी. आधी लक्षणं पाहू. यातली दोन-तीन एकदम दिसत असतील तर दोष बहुतेक उष्णतेचा आणि कोंडलेल्या हवेचा आहे. खताचा किंवा बियाण्याचा नाही.

- दिवा लागून दोन-तीन तास झाले की पेटीतलं तापमान खोलीपेक्षा पाच-सहा अंशांनी वर जातं आणि तिथेच ठाण मांडतं.
- लेट्यूस, पालक यांच्या पानांच्या कडा वर वळतात. आतल्या कोवळ्या पानांची टोकं तपकिरी पडतात.
- कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर येते, लेट्यूस कडू लागतो.
- सकाळी दार उघडलं की आतल्या पन्नीवर पाण्याचे थेंब दिसतात आणि कोंदट वास येतो.
- मायक्रोग्रीन्सच्या (कोवळेपणीच कापून खायच्या रोपांच्या) ट्रेमध्ये रोपं बुडाशी काळी पडून घोळक्याने आडवी होतात.
- कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) हिरवट थर आणि त्यावर चिलटं.
- फॅन ऐकू येतो, पण बाहेर येणारी हवा हाताला लागत नाही.

दोन गोष्टी मात्र या दोषासारख्या दिसतात आणि नसतात. मुळा किंवा मोहरीच्या मायक्रोग्रीन्सला तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुडाशी पांढरं लव दिसतं. ती बुरशी समजून लोक अख्खा ट्रे कचऱ्यात टाकतात. पाणी फवारून बघा. लव चिकटून दिसेनासं झालं तर ते मुळांचे केस आहेत, आणि ते असायलाच हवेत. बुरशी जाळ्यासारखी दाण्यादाण्यांवरून पसरते आणि पाण्याने विरघळत नाही. दुसरी गोष्ट: दिव्याच्या अगदी खालची वरची पानंच पांढुरकी पडली असतील आणि बाकी झाड ठणठणीत असेल तर तो प्रकाशाचा चटका आहे. दिवा दहा-पंधरा सेंटिमीटर वर घ्या आणि आठवडाभर थांबा. जुनी पानं सुधारणार नाहीत, नवी कशी येतात ते पाहायचं.

पुढचं सगळं मी एक साधी पेटी धरून लिहितोय: ६० बाय ६० सेंटिमीटर, उंची १२० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ४३० लिटर हवा. आत १०० वॅटचा एलईडी, वरच्या बाजूला १२ व्होल्टवर चालणारा १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटर फॅन, आणि पालेभाज्या, बेसिल, मायक्रोग्रीन्स. पेटी तयार तंबूची असो, सुताराकडून प्लायवूडची करून घेतलेली असो, की जुन्या कपाटात पन्नी लावून केलेली असो, हिशोब तोच.

काहीही उचकटण्याआधी: तीन आकडे

दोनशे-अडीचशे रुपयांचं डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर मिळतं, ते घ्या. तीन मिळाले तर उत्तम, नाहीतर एकच घेऊन तीन ठिकाणी वीस-वीस मिनिटं ठेवा. दिवा लागून किमान तीन तास झालेले असावेत.

पहिला आकडा खोलीचा: पेटीपासून दूर, खोलीच्या मध्यभागी, कमरेच्या उंचीवर. दुसरा तोंडाचा: पेटीत हवा जिथून शिरते त्या भोकाच्या अगदी बाहेर. तिसरा पानांचा: पेटीच्या आत, पानांच्या उंचीवर, पण सावलीत. मीटरवर थेट दिव्याचा प्रकाश पडला तर प्लॅस्टिक तापतं आणि आकडा तीन-चार अंशांनी फुगतो. एखादा पांढरा कागद दुमडून मीटरवर छपरासारखा धरला तरी पुरतं.

आता वजाबाकी.

तोंड आणि खोली यांत फरक असेल तर दोष मांडणीत आहे. पेटीने टाकलेली गरम हवा तीच परत आत ओढते आहे. पानं आणि तोंड यांत फरक मोठा असेल तर दोष हवेच्या प्रवाहात आहे. दोन्ही फरक लहान आहेत आणि तरीही पानांचा आकडा ३६ दाखवतोय, तर दोष खोलीत आहे, आणि पेटीवर कितीही पैसे ओतले तरी काही होणार नाही. बाहेरची हवा आत घेणारा फॅन पेटीला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात खोली ३४, तोंड ३४, पानं ३७ असताना लोक दुप्पट मोठा फॅन आणतात. पानांचा आकडा ३७ वरून ३६ च्या खाली कसाबसा जातो आणि घरात आवाज मात्र गिरणीसारखा येतो.

प्रवाहाचा अंदाज घ्यायला एक सूत्र आहे, ते कागदावर लिहून पेटीला चिकटवा: तासाला किती घनमीटर हवा जाते = ३ गुणिले वॅट भागिले तापमानाचा फरक. (हवेची घनता आणि तिची उष्णता धरण्याची क्षमता यांतून तो ३ येतो.) १०० वॅटच्या दिव्याला फरक ३ अंशांवर ठेवायचा तर ३ × १०० ÷ ३, म्हणजे तासाला १०० घनमीटर हवा हवी. फॅनच्या खोक्यावर बहुतेक वेळा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, लिहिलेलं असतं. १०० घनमीटर म्हणजे सुमारे ५९ सीएफएम.

हेच सूत्र उलटं वापरा. तुमचा फरक ८ अंश आला, तर पेटीतून प्रत्यक्षात तासाला ३७-३८ घनमीटर हवाच जाते आहे. खोक्यावर १०० लिहिलं असेल तर उरलेली ६० कुठेतरी अडते आहे, आणि ती जागा शोधणं एवढंच काम उरतं. झाडं पाणी सोडतात त्यात थोडी उष्णता जाते, भिंतींतूनही थोडी झिरपते, त्यामुळे भरलेल्या पेटीचा फरक सूत्रापेक्षा जरा कमीच येतो. तरीही फरक मोठा दिसत असेल तर संशयाला जागा नाही.

आता तपासण्या, फुकटच्या आधी.

१. मीटर खरं बोलतंय का

तापमान स्वस्त मीटरही बऱ्यापैकी दाखवतं. आर्द्रतेच्या बाबतीत मात्र दहा टक्क्यांची थाप सहज मारतं. एका झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करा. विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवा. आपल्याकडच्या तापमानाला त्या डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ६८ दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यात ७ मिळवायचे. फवारण्या थांबवायच्या की वाढवायच्या हे या आकड्यावर ठरतं, म्हणून ही तपासणी पहिली.

२. टायमर: दिवा रात्री, फॅन चोवीस तास

याने निम्म्या तक्रारी मिटतात आणि खर्च शून्य आहे. पालेभाज्यांना १४ ते १६ तास उजेड लागतो, पण तो दिवसाच मिळावा असा त्यांचा हट्ट नसतो. दिवा संध्याकाळी सातला लावा आणि सकाळी नऊला बंद करा. पुण्यात मे महिन्यात दुपारी ३७-३८ असलं तरी पहाटे पारा २३-२४ पर्यंत उतरतो, म्हणजे दिव्याची उष्णता खोली थंड असताना पडते. मुंबईत रात्रीही २७ च्या खाली फारसं जात नाही, त्यामुळे तिथे फायदा कमी. नागपूरला दुपारी ४२-४३ असताना दिवा चालू ठेवणं म्हणजे रोपं वाफवायला ठेवणं.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक पेटीत दिसते: दिवा आणि फॅन एकाच टायमरवर. दिवा बंद झाला की फॅनही बंद. आत २८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन सुटते तो आकडा, सुमारे २२ अंश असतो. भिंत त्याच्या खाली गेली की पाणी सुटलंच. शिवाय अंधारातही ओल्या कोकोपीटमधून वाफ येत राहते. रोपं आडवी होण्याचा प्रकार याच तासांत सुरू होतो. फॅन वेगळ्या पॉइंटवर घ्या आणि बंदच करू नका. १२० मिलिमीटरचा फॅन तीन-चार वॅट खातो. महिन्याला तीन युनिटंही होत नाहीत.

३. जाळी आणि पाती

पेटीत हवा शिरते तिथे डासांची जाळी लावलेली असते, ती काढून उजेडासमोर धरा. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाशेजारच्या घरात महिन्या-दीड महिन्यात तिच्यावर धुळीचा नमदा बसतो. जुन्या टूथब्रशने धुवा. फॅनच्या पात्यांवरही तेलकट धूळ असते, विशेषतः पेटी स्वयंपाकघराजवळ असेल तर. प्लग काढून, पातं बोटाने धरून पुसा. धुतल्यावर लगेच पुन्हा तीन आकडे घ्या, म्हणजे धुळीने किती अंश खाल्ले होते ते कळेल.

४. तोंड पुरेसं मोठं आहे का

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित दोष हा. फॅन मोठा, पण हवा आत यायला दोन बोटांची फट. आत हवा आली नाही तर बाहेर काय जाणार? १२० मिलिमीटरच्या फॅनचं भोक साधारण ११० चौरस सेंटिमीटरचं. हवा आत यायचं तोंड त्याच्या दुप्पट ठेवा, म्हणजे १५ बाय १५ सेंटिमीटर. त्यावर जाळी असेल तर आणखी मोठं, कारण बारीक जाळीच्या तारा बरीच जागा खातात.

तपासायला दार चार बोटं उघडा आणि दहा मिनिटांनी पानांचा आकडा बघा. झपाट्याने उतरला तर तोंड लहान आहे, फॅन नाही. तंबूच्या पेटीत हे डोळ्यांनीच दिसतं: कापडी भिंती आत ओढल्या जाऊन पार खोलगट झाल्या असतील तर फॅन हवेसाठी तडफडतोय. किंचित आत ओढलेल्या भिंती चांगल्या. बाहेर फुगल्या असतील तर फॅन उलटा बसलाय.

तोंड खाली आणि बाहेर पडायची जागा वर, तीही समोरासमोरच्या कोपऱ्यात ठेवा. दोन्ही एकाच बाजूला असली तर हवा आतल्या आत शॉर्टकट घेते आणि दुसरा कोपरा कोंडलेलाच राहतो.

५. उदबत्ती

दिवा बंद करा, फॅन चालू ठेवा. पेटवलेली उदबत्ती तोंडाजवळ धरा: धूर आत ओढला गेला पाहिजे, रेंगाळता कामा नये. मग ती प्रत्येक सांध्यावरून, दाराच्या कडेने, वायर आत जाते त्या भोकावरून फिरवा. फॅनच्या अगदी शेजारच्या फटीतून धूर आत जात असेल तर ती हवा झाडांपर्यंत न पोहोचता थेट फॅनमध्ये जाते. ती फट टेपने बंद करा. खालच्या फटींचं काही बिघडत नाही, त्या तोंडालाच मदत करतात.

फॅनची दिशा तपासायची असेल तर चौकटीवर बाण कोरलेला असतो. बाण नसेल तर ज्या बाजूला स्टिकर आणि मोटर धरणाऱ्या काड्या आहेत, हवा त्या बाजूने बाहेर पडते. घरगुती पेटीत फॅन हवा बाहेर फेकणाराच असावा. आत ढकलणारा फॅन कोपऱ्यांत दमट हवा कोंडतो आणि ती वाटेल त्या फटीतून खोलीत येते.

शेवटी धूर पानांमध्ये सोडा. तिथे तो घुटमळत राहिला तर पेटीत हवा बदलते आहे पण खेळत नाही. लेट्यूसच्या आतल्या पानांची टोकं जळतात ती यामुळेच. त्या पानांतून पाणी उडत नाही, त्यामुळे पाण्याबरोबर चढणारं कॅल्शियम तिथवर पोहोचत नाही. चुन्याची फवारणी करून ते सुटत नाही. पाच वॅटचा छोटा यूएसबी फॅन आत लावा, पण त्या फॅनचं तोंड भिंतीकडे करून. पानं जेमतेम थरथरली पाहिजेत, झोडपली जाता कामा नयेत.

६. गरम हवा जाते कुठे

हे तुमच्या दुसऱ्या आकड्यावरून कळेल. खोली ३०, तोंड ३४ असं आलं तर पेटी स्वतःचाच श्वास परत घेते आहे. कपाटात, पोटमाळ्यावर, पडद्यामागे किंवा ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे दडवलेल्या पेट्यांचं हेच होतं. (ड्राय बाल्कनीत धुतलेले कपडे वाळत असतील तर आर्द्रतेचं कारणही तेच. पेटीला दोष देऊ नका.)

पेटी भिंतीपासून एक वीत पुढे ओढा. माळ्यावरून जमिनीवर आणा. छताजवळची हवा फरशीजवळच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी सहज गरम असते, आणि वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असेल तर त्याहून जास्त. पश्चिमेची भिंत टाळा. ती उन्हात तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहते, म्हणजे नेमका तुमचा दिवा लागायच्या वेळेला. एवढ्यानेही भागलं नाही तर फॅनला चार इंची पाइप लावून तो खिडकीपर्यंत न्या. सरकत्या खिडकीच्या एका बाजूला ॲक्रिलिकची उभी पट्टी कापून बसवली आणि तिला भोक पाडलं की भिंत फोडावी लागत नाही.

पेटी एसीच्या खोलीत असेल तर उलट: हवा खोलीतच सोडा. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तुमचे १०० वॅट त्याला जाणवतही नाहीत. पाइप खिडकीबाहेर नेलात तर पैसे मोजून थंड केलेली हवा बाहेर फेकली जाते.

७. एवढा दिवा हवाय कशाला

इथवर आल्यावरही पानांचा आकडा उतरला नसेल तर उष्णता काढायचा नाद सोडून ती कमी घालायचं बघा. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे. १०० वॅट वीज पेटीत गेली की जवळजवळ १०० वॅट उष्णताच तयार होते. प्रकाशही पानांवर आणि भिंतींवर आदळून शेवटी उष्णताच होतो.

दिवा खरोखर किती वॅट घेतो ते प्लगमध्ये बसणाऱ्या वॅटमीटरवर मोजा. खोक्यावर '१००० वॅट' छापलेले दिवे प्रत्यक्षात १०० च्या आसपास घेताना दिसतात, आणि उलट 'छोटा' म्हणून घेतलेला दिवा १५० घेतो. हिशोब मोजलेल्या आकड्यावर करा.

६० बाय ६० च्या जागेत लेट्यूस, पालक, कोथिंबिरीला चांगल्या प्रतीचा ४० ते ५० वॅटचा एलईडी पुरतो. मायक्रोग्रीन्सला त्याहूनही कमी. १०० वॅट लागतात ते टोमॅटो, मिरचीला. दिव्याला डिमर असेल तर अर्ध्यावर आणा: वॅट निम्मे, फरक निम्मा, विजेचं बिल निम्मं. या एका गोष्टीने जो फरक पडतो तो कुठल्याही फॅनने पडत नाही, तरी लोक इथे शेवटी येतात, कारण दिव्याला पैसे घातलेले असतात.

ड्रायव्हर, म्हणजे दिव्याचा तो धातूचा डबा, पिनेने सुटा होत असेल तर पेटीबाहेर ठेवा. १०० वॅटमधले आठ-पंधरा वॅट तिथेच उष्णता होऊन जातात. सुटा होत नसेल तर वायर कापून लांबवायच्या भानगडीत पडू नका.

८. पाइप, फिल्टर, ॲडॅप्टर

पन्नीचा लवचीक पाइप लावला असेल तर तो ताणून सरळ करा आणि जास्तीचा कापून टाका. सुरकुतलेला पाइप आणि दोन काटकोनी वळणं मिळून कॉम्प्युटर फॅनचा जीव काढतात, कारण या फॅनमध्ये दाब फार थोडा असतो. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. कार्बन फिल्टर जोडला असेल तर काढा. तो वास अडवायला असतो, आणि मेथीच्या वासाची कुणी तक्रार करत असेल तर ती शेजाऱ्याची अडचण आहे.

फॅन हळू फिरतोय अशी शंका असेल तर मल्टिमीटरने चालू स्थितीत ॲडॅप्टरचे व्होल्ट मोजा. १२ च्या जवळ हवेत. जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावलेला असतो, किंवा एकाच ॲडॅप्टरवर चार फॅन. फॅन हाताने फिरवला आणि खरखर लागली तर बेअरिंग गेलं. स्वस्त स्लीव्ह बेअरिंगचा फॅन छतात आडवा बसवला की गरमीत लवकर झिजतो. उभ्या भिंतीत बसवा, नाहीतर बॉल बेअरिंगचा घ्या.

९. मोठा फॅन

आता, आणि आताच, मोठा फॅन. तोंड मोठं आहे, जाळी स्वच्छ आहे, वॅट मोजलेत आणि तरीही पानं-तोंड फरक पाचच्या वर आहे, तर चार इंची इनलाइन डक्ट फॅन, म्हणजे पाइपाच्या मधेच बसणारा फॅन, घ्या. त्याला पाइपाचा विरोध सहन होतो. वेग कमी करायचा तर त्याच्यासाठीच बनवलेला रेग्युलेटर वापरा. दिव्याचा डिमर लावला की मोटर गुणगुणते आणि तापते.

१०. दोष खोलीतच असेल तर

विदर्भात आणि मराठवाड्यात कोरड्या उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत पेटी ठेवणं हा सर्वांत स्वस्त इलाज. हवा कोरडी असेल तर कूलर दहा-बारा अंश खाली आणतो. आर्द्रता वाढते, म्हणून फवारणी बंद. मुंबई, कोकण, गोव्यात कूलर निरुपयोगी. तो फक्त दमट हवेत आणखी दमटपणा घालतो.

बर्फाच्या बाटल्यांबद्दल हमखास विचारलं जातं. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता घेतो. १०० वॅटच्या दिव्यापुढे ही एक तासाची सोय झाली, आणि बाटलीवर सुटलेलं पाणी ट्रेमध्ये पडतं ते वेगळंच. लग्नाला दोन दिवस जायचंय म्हणून ती सोय पुरणार नाही.

पाण्यात मुळं असलेली, म्हणजे हायड्रोपोनिक पेटी असेल तर हवेच्या आधी टाकी वाचवा. टाकी पेटीबाहेर, फरशीवर ठेवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यात गरम पाण्यात मुळकूज लवकर लागते. पाणी २४-२५ च्या खाली राहिलं तर पानं ३२ अंशही काढून नेतात.

बियाणं उगवतच नसेल तर ट्रे पेटीबाहेर काढा. लेट्यूसचं बी तिशीच्या वर झोपून राहतं. ओल्या कागदात गुंडाळून एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग पेरा.

पावसाळ्यात हिशोब उलटतो

जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच ९० टक्के दमट असते. तुम्ही कितीही हवा बदला, पेटीत तीच हवा येणार. इथे दिव्याची उष्णता शत्रू नसून उपयोगी असते: २६ अंश, ९० टक्क्यांची हवा पेटीत ३० अंशांना तापली की तिची आर्द्रता ७० च्या आसपास येते. म्हणून पावसाळ्यात दिवा चालू असताना फॅन थोडा हळू करून फरक तीन-चार अंश राहू द्या, आणि दिवा रात्रीच ठेवा, कारण रात्रीच हवा सर्वांत दमट असते. दिवा विझल्यावर फॅन पूर्ण वेगात. पाणी दिवा लागल्याबरोबर द्या, विझताना नाही, आणि वरून शिंपडण्यापेक्षा ट्रेच्या खालून. ट्रेमध्ये चार बोटं अंतर ठेवा, बी विरळ पेरा. डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) पेटीत ठेवू नका. तो स्वतः हीटरसारखा तापतो. घ्यायचाच तर खोलीत.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

जळका वास, तपकिरी पडलेला प्लग, हाताला गरम लागणारा एक्स्टेन्शन बोर्ड, पेटीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या, किंवा पेटी लावली की एमसीबी पडणं: यातलं काहीही दिसलं तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. टेप गुंडाळून बघू नका. ओल्या जागेत वीज वापरताना अर्थिंग नीट असणं आणि बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असणं गरजेचं आहे. तो नसेल तर तोही त्याच फेरीत बसवून घ्या. तोपर्यंत निदान बोर्ड जमिनीवरून उचला आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळापाशी ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. ड्रायव्हर उघडून दुरुस्त करणं हेही आपलं काम नाही. बंद केल्यावरही आत चार्ज राहतो.

भिंतीला भोक पाडायचं ठरवलंत तर आधी सोसायटीला विचारा आणि कोअर कटिंगवाल्याआधी बांधकामातला जाणकार आणा. तुळई आणि खांब यांना हात लावायचा नाही, आणि फ्लॅटच्या भिंतीत वायरी कुठून गेल्यात ते बाहेरून दिसत नाही.

ज्या खोलीत किंवा ड्राय बाल्कनीत गॅस गिझर आहे तिथून हवा बाहेर ओढणारा फॅन लावू नका. बंद जागेतून फॅन हवा खेचायला लागला की गिझरच्या नळीतून बाहेर जाणारे वायू उलटे आत येऊ शकतात, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. पेटी दुसरीकडे हलवा. डोकं जड होणं, मळमळणं असं काही जाणवलं असेल तर गॅस बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, डॉक्टरला दाखवा आणि गिझरचा मेकॅनिक येऊन जाईपर्यंत तो चालू करू नका.

तिन्ही आकडे जागेवर आहेत, आर्द्रता ७० च्या आत आहे, आणि तरीही दर पेरणीला रोपं कोलमडतात, तर दोष हवेचा नाही. कोकोपीट, ट्रे किंवा बियाण्यातून रोग येतोय. आडवी झालेली रोपं मुळांसकट कागदात गुंडाळून जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका, पोहोचेपर्यंत कुजतात. बरोबर आठवडाभराचे तापमान आणि आर्द्रतेचे आकडे न्या. तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.